विश्वामित्रीपलीकडचे वांद्रे

मुंबई हे शहर बडोद्यात आहे, असे ठामपणे मानणारा आणि आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी साडेपाच ते सात या वेळात ते सिद्ध करून दाखवणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला. तो माझा साडू होता. बायको आपण पाहून करतो. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा मात्र न मागता पानात पडतो. माझ्या पानात हे गृहस्थ दिवाळसणाच्या दिवशी पडले. सासुरवाडीला आम्हा दोघा जावयांना शेजारी शेजारी पाट मांडून बसवले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "नोकरी कुठे?" मी म्हणालो, "प्रतापनगरला. रेल्वेच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये." "म्हणजे परळला," ते म्हणाले. "प्रतापनगरला," मी म्हणालो. "तेच ते," असे म्हणून ते श्रीखंडाच्या वाटीकडे वळले. त्या 'तेच ते'वरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो तीस वर्षे चालला आणि त्यात मी एकदाही हरलो नाही, हे येथे नमूद करून ठेवतो. कारण इतरांनी वेगळेच छापून ठेवले आहे.

ते इतर म्हणजे त्यांचे माजी विद्यार्थी. साडूंच्या निधनानंतर त्यांनी एक स्मरणिका काढली. मुखपृष्ठावर साडूंचा फोटो उजळ आहे, आतला मजकूर मात्र अंधारात लिहिल्यासारखा आहे. कोणी लिहिले आहे की, सरांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. कोणी लिहिले आहे की, सहलीला परवानगी मिळत नसे, म्हणून नाइलाजाने ते विद्यार्थ्यांना बडोद्यातच फिरवत. आणि शेवटच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने, जी आता पुण्यात स्वतः प्राध्यापक आहे, असे लिहिले आहे की, सरांचा वर्ग 'त्यांच्याच एका हेकट नातेवाइकाने' मोडला आणि त्या धक्क्यातून सर उठले नाहीत. त्या तुकडीत सरांचा नातेवाईक एकच होता. माझे नाव तिने घातलेले नाही, ही तिची सभ्यता. परंतु दांडिया बाजारात मला ओळखणारी माणसे अजून जिवंत आहेत आणि ती स्मरणिका वाचतात. पहिल्या दोन चुका मी माझ्या स्वभावानुसार दुरुस्त करीन. तिसरीबद्दल मला आजवर बोलता येत नव्हते. ज्यांना शब्द दिला होता त्या अक्का, म्हणजे साडूंच्या पत्नी, गेल्या चैत्रात गेल्या, आता बोलतो.

हा वर्ग मुळात निघाला कसा, ते प्रथम सांगितले पाहिजे. गुजरात राज्य झाले तेव्हा बडोद्याच्या मराठी घरांत निरनिराळे पडसाद उमटले. काही जणांनी पुण्याला घरे पाहिली. काही जणांनी आपल्याला फरक पडत नाही असे इतक्या वेळा सांगितले की पडतो हे सर्वांना कळले. साडू मात्र व्यक्तिशः दुखावले गेले. ते म्हणत, "रात्री झोपलो तेव्हा मुंबई आपली राजधानी होती. सकाळी उठलो तर परराज्य. मधल्या वेळात मी कूससुद्धा बदलली नव्हती हो." पुढे चार-सहा वर्षांनी, सरकारने जे केले ते आपण उलटे करू शकत नसलो तरी त्याची दखल न घेणे आपल्या हातात आहे, असा निर्णय त्यांनी घेतला आणि दांडिया बाजारातल्या एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर प्रमाणपत्राचा सायंवर्ग सुरू केला: 'महानगर: साहित्य आणि इतिहास'. महानगर कोणते, हे लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. संस्थेची अट एकच होती. सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांअखेर हजेरीपटावर किमान आठ नावे असली पाहिजेत. सात झाली तर वर्ग बंद. ही आठाची अट वीस वर्षे त्यांच्या मानेवर बसून होती. दर जूनमध्ये ते सायकल काढून रेल्वेच्या वसाहतीत, मकरपुऱ्याच्या कारखानदार वस्तीत, नव्याने आलेल्या खानदेशी आणि वऱ्हाडी कुटुंबांत हिंडत आणि लोक मुलीसाठी स्थळ शोधतात तसे विद्यार्थी शोधत.

आता त्यांची शिकवण्याची रीत. शहर खोलीत बसून शिकवता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून सहलीची परवानगी वगैरे गोष्टी बनावट आहेत, परवानगी त्यांनी कधी मागितलीच नव्हती. त्यांनी मुंबई उचलून बडोद्यावर पसरली. चार दरवाजांच्या आतले जुने शहर म्हणजे कोट, ज्याला मुंबईकर फोर्ट म्हणतात. रावपुरा म्हणजे गिरगाव. सुरसागर तलाव म्हणजे समुद्र, आणि त्याचा कठडा म्हणजे चौपाटी. प्रतापनगर म्हणजे परळ आणि एकंदर गिरणगाव. विश्वामित्री नदी म्हणजे माहीमची खाडी, आणि तिच्या पलीकडचे अकोटा, जेथे ते स्वतः राहत, ते वांद्रे. एखादा उतारा शिकवायचा तर तो ज्या वस्तीबद्दल असेल तेथे वर्ग चालत जाई. प्लेगच्या साथीवरचा मजकूर ते रावपुऱ्याच्या एका अंधाऱ्या जिन्याखाली उभे राहून असा वाचत की वरच्या मजल्यावरची मंडळी खिडक्या लावून घेत. मी त्यांना विचारले, "मुंबईच्या कोटाला दरवाजे तीन. आपल्याकडे चार. चौथ्याचे काय?" ते शांतपणे म्हणाले, "तो बडोद्याला बक्षीस." विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात सर्वांना ठाऊक असते. एका विद्यार्थ्याने पुलावर विचारले, "सर, माहीमच्या खाडीत पण मगरी आहेत?" साडूंनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, "इतिहासात नाहीत. साहित्यात असायला हरकत नाही."

सुरसागरच्या कठड्यावर तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आहे. साडू उभे, पुढे कठड्यावर नऊ विद्यार्थी ओळीने बसलेले, पाठ रस्त्याकडे. साडू सांगत होते, "समोर पाहा. क्षितिजापर्यंत पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही." एक मुलगा म्हणाला, "दिसतो ने सर. पलीकडे ते भजियाचं खुमचं पण दिसतं." साडू म्हणाले, "ते गलबत आहे." पुढे त्या भजीवाल्याला हा प्रकार कोणीतरी सांगितला. मनुष्य रसिक होता. साडू येताना दिसले की तो झारा हातात धरून ओरडे, "साहेब, आजे दरियो केवो छे?" आणि साडू पाण्याच्या पायरीकडे गंभीरपणे पाहून सांगत, "ओट छे, भाई." ओहोटी आहे. उन्हाळ्यात पाणी खरोखरच खाली गेलेले असे, त्यामुळे त्यांना खोटे पाडणेही अवघड होते.

माझा संताप व्हायचा तो प्रतापनगरला. गिरणगावावरील कथा शिकवण्याच्या दिवसांत ते सारा वर्ग घेऊन कारखान्याच्या फाटकासमोर भोंगा व्हायच्या वेळी येऊन उभे राहत. भोंगा होई, फाटक उघडे, शेकडो सायकली एकदम बाहेर पडत, आणि माझे साडू हात उंचावून म्हणत, "पाहा! गिरणी सुटली!" त्या लोंढ्यात मीही असे. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेन्सिली, हाताखाली सहा माणसे असलेला हेड ड्राफ्ट्समन. आणि नऊ मुले माझ्याकडे थकलेला गिरणी कामगार म्हणून सहानुभूतीने पाहत. एकदा मी सायकलवरून उतरून सर्वांसमक्ष म्हणालो, "भाऊसाहेब, हा रेल्वेचा कारखाना आहे. येथे सूत निघत नाही." ते वर्गाकडे वळून म्हणाले, "कामगारांमधील वाढता असंतोष. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतले. घरी आल्यावर मी पत्नीला म्हणालो, "तुझ्या बहिणीने काय पाहिले या माणसात?" ती म्हणाली, "तिने विचारलंय मला, तुम्ही त्यांना दर भोंग्याला बरोबर त्याच फाटकातून कसे सापडता? दुसरं फाटक आहे ना?" दुसरे फाटक लांब पडते, हे मी तिला समजावून सांगितले.

नकाशाचे प्रकरण याहून गंभीर होते. त्यांना वर्गात टांगायला नकाशा हवा होता: खाली बडोदे, वरून ट्रेसिंग कागदावर मुंबई. काम माझ्याकडे आले. मी तीन रविवार मोजमापे घेतली. पहिली अडचण प्रमाणाची. मुंबईतले चार मैल बडोद्यात एका मैलात बसवावे लागत होते. तेही मी सहन केले. परंतु मुंबई दक्षिणेकडून उत्तरेला वाढत गेलेले शहर आहे, आणि त्यांचे परळ, म्हणजे आमचे प्रतापनगर, कोटाच्या दक्षिणेला येते. मुंबई आडवी-उभी कशीही ठेवली तरी बसेना. अखेरीस ती उलटी धरली तेव्हा कशीबशी बसली. मी म्हणालो, "उत्तर दिशा खाली जाते. असा नकाशा मी काढणार नाही." ते म्हणाले, "दिशा ही सवयीची बाब आहे." मी त्यांना सुनावले की दिशा ही सूर्याची बाब आहे, आणि आमच्यात पाच महिने बोलणे बंद होते. दरम्यान बहिणी-बहिणींची ये-जा चालू राहिली आणि डब्यांची देवाणघेवाणही. शेवटी मी नकाशा काढला. उत्तरेचा बाण खाली तोंड करून. कोपऱ्यात एक बारीक टीप घातली: 'दिशांची जबाबदारी आरेखकाची नाही.' ती टीप अजून त्या नकाशावर आहे. स्मरणिकेत नकाशाचा फोटो छापताना संपादकांनी नेमका तो कोपरा कापला आहे.

आता, त्यांनी मुंबई पाहिली नव्हती या विधानाविषयी. हे विधान धादांत चुकीचे आहे. इंटरनंतर एम. ए. होईपर्यंत ते चार वर्षे गिरगावात मामांकडे राहिले होते, दोन खोल्यांत, अकरा माणसांत, जिन्याखालच्या एका कोनाड्यात ट्रंक ठेवून. मामा मोठे प्रेमळ. भाचा परतल्याशिवाय जेवायला बसत नसत. मुंबईचा प्रत्येक चौक साडू त्या चार वर्षांत पायी फिरले. ते परत तिकडे गेले नाहीत असे मात्र नाही, एकदा गेले. मी साक्षीला आहे. मेहुण्याच्या मुलीचे लग्न दादरला होते. मामा तोपर्यंत वारले होते. आम्ही दोघे सपत्नीक उतरलो. अक्षता पडल्यावर साडू मला म्हणाले, "चला, शहर दाखवतो." आम्ही दुपारभर हिंडलो. जेथे ट्राम होती म्हणून ते थांबले तेथे ट्राम नव्हती. जेथे मामांची चाळ होती तेथे सहा मजली इमारत आणि तिच्या तळाशी गालिच्यांचे दुकान होते. मी म्हणालो, "ट्राम बंद झाली, भाऊसाहेब. पेपरात आले होते." "तुमच्यासाठी," ते म्हणाले. मग त्या गालिच्यांकडे पाहून प्राध्यापकी आवाजात म्हणाले, "शहराची ही आवृत्ती सदोष आहे." त्याच रात्रीच्या गाडीने ते परतले, लग्नाचे दुसरे जेवणही घेतले नाही. पुढच्या सोमवारी वर्गात ट्राम वेळेवर सुटली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी जूनमध्ये अक्का आमच्याकडे आल्या. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सातच नावं झालीत. हे रोज हजेरीपट उघडून बघतात, जसं काही रात्रीतून एखादं उगवेल." मराठी घरांतली मुले एव्हाना संध्याकाळी संगणकाच्या वर्गांना जाऊ लागली होती, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती-हिंदी. त्यांच्या आईबापांना मी दोष देत नाही, देऊन झाला आहे. मी म्हणालो, "माझे नाव घाला. परंतु चुकीचे शिकवले तर मी गप्प बसणार नाही." अक्का म्हणाल्या, "ते कोण मागतंय तुमच्याकडे?" अशा रीतीने मी आठवा विद्यार्थी झालो आणि पुढे सलग चार वर्षे त्याच इयत्तेत राहिलो. परीक्षेला मी बसलो नाही, कारण परीक्षक कोण आहे हे मला माहीत होते. साडू म्हणत, "या विद्यार्थ्याचं वैशिष्ट्य हे की हा पासही होत नाही आणि जातही नाही."

पहिली तीन वर्षे आम्ही मनसोक्त भांडलो. ते भांडण खरे होते आणि त्याबद्दल मी कोणाची क्षमा मागत नाही. सात बेटांमधल्या खाड्या भरून शहर कसे जोडले गेले हे ते सांगू लागले की, भराव कसा टाकतात, दाब कसा काढतात, हे मी उठून सांगे; मला त्यातले कळत होते, त्यांना नव्हते. ती पुण्याची प्राध्यापक शेवटच्या वर्षी वर्गात आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मकरपुऱ्याच्या एका फिटरची मुलगी, वेणी पुढे घेऊन तावातावाने बोलणारी. एकदा ती मला म्हणाली, "काका, तुम्ही शिकायला येता का झगडायला?" मी म्हणालो, "दोन्हीला. तुम्ही लोक एकालाही येत नाही." ती म्हणाली, "सर थकतात ने पण." तिला साडूंचे फार कौतुक होते. ते जे बोलत ते ती अक्षरशः उतरवून घेई.

आणि नेमकी तीच अडचण झाली. चौथ्या वर्षी सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात साडू कोटाची तटबंदी पाडल्याचा इतिहास सांगत होते. दगड कोठे गेले यावर येऊन ते थांबले आणि म्हणाले, "सुरसागरात टाकले." वर्ग हसला, सरांनी विनोद केला असे सर्वांना वाटले. मी हसलो नाही. विषयाच्या बाबतीत ते विनोद करत नसत. विनोद लोक करून घेत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुंबईची लोकसंख्या सांगताना बडोद्याची सांगितली, आणि मग विचारले, "आज समुद्रावर कोण कोण जाऊन आलं?" असे नव्हे की त्यांना उपमा सुचत होती. वीस वर्षे एका शहरावर दुसरे शहर ठेवता ठेवता दोहोंमधला कागद निघून गेला होता. समोर ती मुलगी लिहून घेत होती. मी उठलो आणि ओरडलो, "साफ चूक! हे मला मान्य नाही!" आणि तटबंदीवर, लोकसंख्येवर, हाती लागेल त्या मुद्द्यावर तास संपेपर्यंत वाद घातला. साडू भांडताना एकदम स्वच्छ होत. राग आला की त्यांना सगळे आठवे. घोटाळा झाकला गेला. मुलांनी एवढेच पाहिले की सर काही सांगायला लागले की हा म्हातारा मध्ये उठतो. त्यानंतरचे चार आठवडे मी हेच केले. ते अडखळण्याच्या आधी भांडण काढायचे. यातले प्रत्येक भांडण केवळ त्यांच्यासाठी होते असा दावा मी करणार नाही. सवय जुनी होती आणि काही मुद्द्यांवर ते खरोखरच चुकत होते.

श्रावणातल्या एका सायंकाळी वर्ग सुटल्यावर ते जिना उतरले आणि अकोट्याच्या पुलाकडे न वळता रावपुऱ्याकडे चालू लागले. मी थोडे अंतर ठेवून मागे गेलो. एका जुन्या घराचा लाकडी जिना ते सराईतपणे चढले, दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी कडी वाजवली. एका गुजराती बाईंनी दार उघडले. "कोनुं काम छे, भाई?" साडू म्हणाले, "मामा आहेत का? सांगा त्यांना, आज वर्ग उशिरा सुटला. जेवायचे थांबले असतील." बाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. मी वर येऊन म्हणालो, "माफ करजो बहेन, घर भूल्या छे." त्यांनी पाणी आणून दिले, साडू ते पायरीवर बसून प्याले आणि मला म्हणाले, "ड्राफ्ट्समन, मामा कुठे गेले हो?"

मी आयुष्यभर त्यांना जे जे सांगत आलो ते सर्व त्या वेळी खरे होते. हे रावपुरा आहे. हे बडोदे आहे. मामा वारले. तुमचे घर अकोट्याला आहे. यातले काहीही सांगितले असते तर ते त्या पायरीवरून उठले नसते. मी म्हणालो, "मामा वांद्र्याला गेलेत, भाऊसाहेब. आपल्यालाही तिकडेच बोलावलंय." ते म्हणाले, "वांद्र्याला? म्हणजे खाडी ओलांडावी लागेल." "ओलांडू," मी म्हणालो. मी त्यांचा हात धरला आणि गिरगावातून बाहेर पडलो. आयुष्यात प्रथमच मी त्या उलट्या नकाशाने चाललो आणि तो एकाही वळणावर चुकला नाही. पुलावर ते थांबले, खाली पाहिले आणि मला सांगू लागले की पूर्वी येथे नावेतून जावे लागे, माणसे बुडत, मग एका बाईंच्या देणगीतून खाडीवर रस्ता झाला. सगळे सांगितले, क्रमाने, पूर्वी वर्गात सांगत तसे. त्यात एकही चूक नव्हती. मी शोधत होतो.

अक्का दारात उभ्या होत्या. मला वाटले होते त्यांना धक्का बसेल. त्यांना ठाऊक होते. साडूंना आत बसवून त्या बाहेर आल्या. "घरातलं घरात आहे तोवर मी सांभाळीन," त्या म्हणाल्या. "पण मुलांसमोर त्यांचं हसं झालं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं, तर? आपणहून ते सोडणार नाहीत. मी बोलून बघितलं." मी निघायला वळलो. त्या म्हणाल्या, "आठच नावं आहेत ना?" मी होय म्हणालो. त्या एवढेच बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "मी असेपर्यंत कुणाला सांगू नका." सत्राचे दोन महिने पुरे व्हायला नऊ दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेच्या कार्यालयात जाऊन नाव काढून घेतले. कारकून भला माणूस होता. "काका, तुम्ही काढलंत तर सात राहतात," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की मला मोजता येते. कारणाच्या रकान्यात मी लिहिले: अध्यापकांशी मतभेद. त्याआधीच्या तीस वर्षांतील कोणत्याही दिवशी हे विधान खरे ठरले असते; फक्त त्या दिवशी ते खोटे होते. दोन महिने पुरे होताच सूचनाफलकावर वर्ग बंद झाल्याचा कागद लागला. ती मकरपुऱ्याची मुलगी मला सुरसागरपाशी भेटली, रडून डोळे सुजलेले. मला म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हणालो, "झाले." तेव्हा स्मरणिकेत तिने जे लिहिले आहे ते तिने कल्पनेने लिहिलेले नाही. जे मी तिला दाखवले ते तिने पाहिले, आणि नेहमीप्रमाणे उतरवून घेतले. बाकीच्यांच्या चुका मी दुरुस्त केल्या. तिच्या लेखात मला दुरुस्त करण्याजोगे काही सापडत नाही. तिच्या सरांना त्या सातांपैकी एकाही विद्यार्थ्याने वेगळ्या नजरेने पाहिले नाही, हे तिला आज कळावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वर्ग बंद झाल्यावर साडू मला तीन-चार आठवडे भेटले नाहीत. मग एका सकाळी अक्कांचा निरोप आला: आज बरे आहेत, तुमची आठवण काढताहेत. मी गेलो. अकोट्याच्या घराच्या व्हरांड्यात ते वर्तमानपत्र घेऊन बसले होते, दाढी केलेली, धोतर स्वच्छ. मला पाहून त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि तारीख, वार, माझ्या नातवाचे नाव, सर्व बरोबर असलेल्या माणसाच्या आवाजात विचारले, "नाव का काढलंत?"

मी म्हणालो, "तुमचे शिकवणे मला पटत नव्हते."

"ते तर कधीच पटत नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी लगेच काहीतरी काढून भांडलो असतो. ते म्हणाले, "चार वर्षं एक तास चुकवला नाहीत हो तुम्ही. पावसात आलात, तापात आलात. मला वाटलं होतं, तुम्हाला मुंबई आवडायला लागली."

अक्का चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. हो म्हटले असते तर 'मग सोडलंत का?' हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता, आणि त्या दिवशी त्यांना उत्तर समजले असते.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, अक्कांच्या हातून कप घेतला आणि आधी माझ्यापुढे ठेवला. त्यानंतर ते दीड वर्ष होते. मी दर रविवारी जात असे. त्यांनी मला पुन्हा काही विचारले नाही. पुढे पुढे मी कोण हेही नाही.